मी पाहिलेला कॉनवीचा किल्ला

आमच्या घरातलं कोणीही कॉनवीला गेलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नदी समुद्राला मिळते तिथे हे छोटंसं गाव आहे. पण हॉलंडमध्ये, रायस्वाइकमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये २००५च्या उन्हाळ्यापासून त्या गावाचं नाव निघालं नाही असा एक दिवस गेला नसेल. किल्ला कोणी बांधला, कशासाठी बांधला, तटाला बुरूज किती, हे सगळं माझा नवरा उल्हास जेवताना, भाजी चिरताना, सायकलची हवा भरताना सांगू शकतो. सांगतोच.

उल्हास कॉलेजात असताना दर रविवारी सह्याद्रीतला एखादा गड गाठायचा. नोकरी लागली, लग्न झालं, मृण्मयी झाली आणि गड सुटले. मग कंपनीनं त्याला अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास नावाच्या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेच्या कामावर पाठवलं. पुण्याहून इथे आलो तेव्हा मृण्मयी दहा वर्षांची होती. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं ठरवलं की कॉनवीचा किल्ला बघायचा. पर्यटन खात्याकडून पोस्टानं पुस्तिका मागवल्या, वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणली, किल्ल्यासमोरच्या घरात खोली ठरवली. मी चकल्यासुद्धा तळल्या. आणि निघायच्या आठवडाभर आधी ऑफिसातल्या कोणीतरी सहज विचारलं, ब्रिटनचा व्हिसा काढलात ना? आमचे उल्हासराव समजून होते की हॉलंडमध्ये राहण्याचं कार्ड आहे म्हणजे युरोपभर मोकळं रान. आता व्हिसा वेळेत मिळणं शक्यच नव्हतं. चकल्या आम्ही घरीच खाल्ल्या.

दुसरा कोणी असता तर त्यानं पुस्तिका केराच्या टोपलीत टाकल्या असत्या. उल्हासनं त्या शेल्फवर नीट लावून ठेवल्या.

नोव्हेंबरात मृण्मयीच्या वर्गशिक्षिकेनं आम्हाला बोलावलं. त्यांचं नाव आनेका. इथली मुलं बाईंना यूफ म्हणतात, म्हणून आम्हीही यूफच म्हणायचो. मृण्मयी आठव्या ग्रुपमध्ये होती, म्हणजे प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष. या वर्षात शाळा सल्ला देते की पोरानं पुढे कुठल्या शाळेत जायचं. युनिव्हर्सिटीकडे नेणारी व्हीडब्ल्यूओ, त्याखालची हावो आणि त्याखाली व्हीएमबीओ, तिथे हातांनी करायचे व्यवसाय शिकवतात. अकरा-बारा वर्षांच्या पोराचं हे ठरतं, बाईंच्या मतावर आणि फेब्रुवारीतल्या सिटो नावाच्या परीक्षेवर. बदलता येतं म्हणतात, पण बदललेलं आमच्या ओळखीत कोणी नव्हतं.

"गणित उत्तम आहे," यूफ आनेका इंग्रजीत म्हणाल्या. "पण मला तिचा आवाजच ऐकू येत नाही. विचारलं तर एका शब्दात उत्तर. सध्या तरी माझ्या मनात व्हीएमबीओ आहे."

उल्हासचा चेहरा मी बाजूनं पाहत होते. त्याच्या कानाची पाळी लाल झाली.

"जानेवारीत तिचं स्प्रेकबर्ट आहे," यूफ पुढे म्हणाल्या. म्हणजे वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलायची पाळी. मग मुलं प्रश्न विचारतात. "तेव्हा मला तिच्याकडून तिचं स्वतःचं काहीतरी ऐकायचंय. मग मी पुन्हा विचार करीन."

घरी येताना ट्रॅममध्ये आमचा थांबा आला तरी उल्हास उठला नाही. मला कारण माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ हेमचंद्र दहावीला घसरला आणि वडिलांनी त्याला आयटीआयला घातलं. फिटर झाला, चांगलं चाललंय त्याचं. पण सोलापूरच्या त्या घरात पाहुणे आले की धाकट्याची ओळख आधी करून द्यायचे आणि थोरला आत पाणी आणायला जायचा. उल्हास ते बघत मोठा झाला. व्हीएमबीओ म्हटल्यावर त्याला हातात तांब्या घेऊन उभी असलेली मृण्मयी दिसली असणार. मलाही दिसली. उगाच शहाणपणा कशाला दाखवू?

मृण्मयीला बोलायचं होतं गिनीपिगवर. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंकडे एक होतं, ही शाळेतून आली की त्याला गवत घालायला जायची. तिनं ते डचमध्येच सांगितलं. घरी आम्ही मराठीत विचारायचो, ती डचमध्ये उत्तर द्यायची, कधी इंग्रजीत.

"गिनीपिग?" उल्हास म्हणाला. "अगं, तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू उंदरावर बोलणार?"

"ते उंदीर नाही," मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस, चारुता." तो शेल्फकडे गेला. "कॉनवी! इतिहास आहे, स्थापत्य आहे, बघण्यासारखं चिक्कार आहे. व्हीडब्ल्यूओला जाणारी मुलं असल्या विषयांवर बोलतात."

"पण आपण गेलो कुठे तिथे?"

यावर तो माझ्याकडे अशा काही नजरेनं बघायला लागला, जणू मी शाळेची पायरी चढलेच नव्हते. "'मी पाहिलेला किल्ला' हा निबंध तू कधी लिहिला नाहीस? मी पाचवीत 'मी पाहिलेला समुद्रकिनारा' लिहिला. सोलापुरात! समुद्र बघितला नोकरी लागल्यावर. तालुक्यात पहिला नंबर आला होता माझा."

खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे प्रत्येकानं न केलेल्या सहलीवर निबंध लिहिलेत, न पाहिलेल्या जत्रेत हरवून परत आलोत, आणि बाईंनी लाल शाईत 'छान' लिहिलंय. त्याला खोटं म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तेव्हा उल्हासनं मृण्मयीसाठी भाषण लिहायला घेतलं आणि सुरुवात केली, 'गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या आईबाबांबरोबर कॉनवीला गेले.'

भाषण त्यानं इंग्रजीत लिहिलं. डच करून दिलं शेजारच्या सरलाताईंनी. त्या सूरीनाम या डचांच्या जुन्या वसाहतीतल्या, पणजोबा कधीकाळी भोजपुरी मुलखातून तिकडे गेलेले. आमचं त्यांच्याशी हिंदीत चालायचं. माझं डच यथातथाच असलं तरी गावच्या वाचनालयातल्या वर्गात मी त्यांच्याच नादानं जायला लागले होते, त्यामुळे बोलता आलं नाही तरी ऐकलेलं बरंचसं कळायचं.

सरलाताईंनी कागद परत देताना विचारलं, "ये सब बिटिया बोलेगी? ये तो प्रोफेसर की भाषा है."

"बोलेगी," उल्हास म्हणाला. "हमारे यहाँ बच्चे इससे लंबा बोलते हैं."

आणि तालीम सुरू झाली. पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धांची मुलं तयार करतात तशी. उजवा हात कुठे उचलायचा, कुठे थांबायचं, 'परंतु' नंतर श्वास घ्यायचा की आधी. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजानं वेल्श राजपुत्रांना हरवून हा किल्ला बांधला. जागेवर मठ होता, तो संन्याशांसकट उचलून नदीच्या वर हलवला. किल्ल्याला लागून तटबंदीचं गाव वसवलं आणि त्यात राहायला माणसं आणली इंग्लंडहून. वेल्श माणसाला आपल्याच मुलखात त्या तटाच्या आत घर करायला मनाई होती. हे वाक्य उल्हासचं फार आवडतं. ते म्हणताना मृण्मयीनं आवाज खाली आणायचा होता. मग एलिझाबेथच्या काळातला वाडा, मग साखळ्यांवर तोललेला पूल, त्याचे खांब किल्ल्याला शोभावेत म्हणून बुरुजांसारखे बांधलेले. शेवटी धक्क्यावरचं ते लाल घर, ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं. खाली एक खोली, वर एक खोली. शेवटचा भाडेकरू सहा फुटांहून उंच कोळी होता, त्याला घरात ताठ उभंही राहता यायचं नाही.

मृण्मयीला एकच गोष्ट मनापासून आवडली होती. तटाच्या भिंतीतून बाहेर डोकावणारे ओळीनं बारा दगडी संडास. ते वाचून ती खदखदा हसली होती. उल्हासनं ते भाषणातून काढलं आणि प्रश्नोत्तरांत टाकलं. हो, प्रश्नोत्तरंही त्यानं लिहिली होती. मुलं काय काय विचारतील त्याचा अंदाज बांधून उत्तरं तयार केली. सगळ्यात काय आवडलं असं विचारलं तर 'किल्ल्याच्या बुरुजावरून दिसणारा नदीचा देखावा'.

सकाळी दात घासताना ती म्हणायची. सायकलवर म्हणायची. उल्हास ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी म्हणायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला की "परत, पहिल्यापासून." मी म्हणायचे, पुरे आता, जेवू दे तिला. तो म्हणायचा, दोनच महिने राहिलेत. मग म्हणायचा, एकच महिना राहिलाय. त्याला डच येत नव्हतं, तरी चूक बरोबर पकडायचा. कागदावर बोट ठेवून नुसत्या आवाजावरून पकडायचा.

डिसेंबरात मला तिची डावी भुवई विरळ दिसली. आधी वाटलं, थंडीनं कोरडी पडली असेल. मग एकदा स्वयंपाकघरातून बघितलं, बाहेरच्या खोलीत ती भाषण म्हणत होती आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी भुवईचा एक केस उपटत होती. तिच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या हातातली कढई तशीच राहिली, आणि फोडणी जळली.

त्या दिवशी मी उल्हासला सोडलं नाही. मृण्मयी खाली गिनीपिगकडे गेली होती तेवढ्यात त्याला गाठलं.

"बंद कर हे. पोर टकली होईल."

"भुवईचे केस येतात परत."

"काय बोलतोयस तू? ऐकतोयस का स्वतःला?" माझा आवाज चढला होता. "तो किल्ला तुला बघायचा होता. तिला नाही. व्हिसा तू विसरलास आणि भोगतेय ती!"

तो भांडेल असं वाटलं होतं मला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "मला रोज भीती वाटते. माझं कंत्राट वाढवतील की नाही माहीत नाही. मीटिंगमध्ये ते आपापसात डचमध्ये हसतात आणि मी नुसता बसतो. आपण हिला तिथून उचलून इथे आणलं. तिथे ती पहिल्या पाचात होती. इथे येऊन ही मागे पडली तर मी काय तोंड दाखवू? कुणाला नाही, तिलाच."

मला त्याचा राग आला होता आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. शेवटी दोन्ही केलं नाही. चहा टाकला. जिन्यावर मृण्मयीची पावलं वाजली, तो उठला, तोंड धुतलं आणि कागद हातात घेतला. मी चहा गाळत राहिले. व्हीएमबीओ लागलं तर जबाबदारी घ्यायची माझीही छाती नव्हती.

स्प्रेकबर्टला पालकांपैकी एकाला मागे बसायची परवानगी होती. उल्हासनं आधीच रजा टाकून ठेवली होती. आदल्या दिवशी मृण्मयी माझ्याजवळ येऊन इंग्रजीत म्हणाली, "बाबा नको. तू ये." मी उल्हासला सांगितलं की यूफनी आईला बोलावलंय. त्यानं भाषणाचा कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "मोबाईल चालू ठेव. झालं की लगेच फोन कर."

वर्गात मागच्या बाजूला एका बुटक्या खुर्चीवर मी बसले. भिंतीवर मुलांची चित्रं, खिडकीत कुंड्या, आणि पुढे माझी मुलगी, डाव्या भुवईवर मी पेन्सिल फिरवून दिलेली. तिच्यामागे उल्हासनं मोठे करून छापलेले पुस्तिकांतले फोटो चिकटवले होते. तिनं उजवा हात उचलला आणि सुरुवात केली.

एक शब्द चुकली नाही. राजा, मठ, तट, मनाई, वाडा, पूल. आवाज खाली आणायचा तिथे आणला. मुलं चिडीचूप होती, पण ती कंटाळून चूप होती हे मला मागून दिसत होतं. एकजण टेबलाखाली रबरबँड ताणत होता. यूफ आनेकांच्या हातात पेन होतं आणि त्या काहीच लिहीत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नोव्हेंबरात पाहिलेला तोच सौम्य, काळजीचा भाव होता. गेलं, वाटलं. सगळं गेलं.

टाळ्या झाल्या. प्रश्न आले. फोटोत तटाच्या भिंतीतून काय डोकावतंय, असं एकानं विचारलं. मृण्मयीनं संडासांचं लिहून दिलेलं उत्तर दिलं आणि वर्ग हसला. छोट्या घरात आत जाता येतं का? लिहून दिलेलं उत्तर.

मग यूफ आनेकांनीच विचारलं, "आणि तुला स्वतःला, तिथे सगळ्यात छान काय वाटलं?"

"बुरुजावरून दिसणारा..." मृण्मयीनं सुरुवात केली आणि ती थांबली. तिचा हात भुवईकडे गेला. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. देखावा, मी मनात म्हणत होते. नदीचा देखावा, म्हण गं बाई.

"एक दिवस पाऊस होता," ती म्हणाली.

हे कागदावर नव्हतं.

"त्या दिवशी किल्ल्यावर जाता आलं नाही. बाबा म्हणाला, जाऊ दे किल्ला. मग आम्ही धक्क्यावर बसून चिप्स खाल्ले. एक सीगल आला आणि त्यानं बाबाच्या हातातून चिप पळवली. आणि बाबा हसला." ती अडखळत होती, शब्द शोधत होती, चार ठिकाणी चुकली, पण थांबत नव्हती. "खूप हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग आई हसली. मग ते दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले आणि मला कळेना कशाला हसतायत, तर मीपण हसले. नंतर आम्ही पावसातच चाललो. मी बोलत होते आणि बाबा ऐकत होता. त्यानं मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. पहिल्यापासून परत सांग, असं म्हणाला नाही. ते सगळ्यात छान होतं."

रबरबँडवाला मुलगा आता तिच्याकडे बघत होता. कुणीतरी विचारलं, सीगल केवढा होता? तिनं दोन्ही हात फाकून दाखवला. आणखी कुणी विचारलं, मग दुसरी चिप दिली का त्याला? दिली, ती म्हणाली, बाबानंच दिली. आणि ती बोलत राहिली. दीड वर्षात मी माझ्या मुलीला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं, कुठल्याच भाषेत. यूफ आनेका भराभर लिहीत होत्या. मला सगळं कळत होतं. का शिकले मी ही भाषा, असं झालं होतं मला.

मधल्या सुट्टीत दाराशी यूफ आनेकांनी माझा हात हातात घेतला. "आज मला ती ऐकू आली," त्या म्हणाल्या. "पहिला भाग तिचा नव्हता, तुम्हालाही माहीत आहे. पण नंतरचा! सिटोची परीक्षा व्हायची आहे अजून, पण माझ्याकडून मी हावो-व्हीडब्ल्यूओ लिहिणार आहे." मग हसून म्हणाल्या, "तुम्ही सुखी माणसं आहात. असे दिवस मुलांना मिळाले की ती बोलतात."

मी "थँक यू" म्हटलं.

मृण्मयी कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी उभी होती. मला बघून ती जवळ आली, आणि मराठीत म्हणाली, अगदी हळू, "आई, बाबाला सांगू नको हं. मी मध्येच वेगळं बोलले."

मी तिला पोटाशी धरलं. तेवढ्यात घंटा झाली, ती वर्गात पळाली.

शाळेच्या फाटकाबाहेर येऊन मी उल्हासला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"अडखळली का?"

"नाही."

"सगळं म्हणाली? मठाचं? मनाईचं वाक्य?"

"सगळं. हावो-व्हीडब्ल्यूओ लिहिणार आहेत."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला, मग नाक ओढल्याचा आवाज. "बघ," तो म्हणाला. "बघ, मी म्हणत होतो ना? तू उगाच रागावत होतीस. मेहनत कधी... आता सिटोलाही हेच करू. आजपासूनच बसवतो तिला. रोज दोन तास. चारुता, ऐकतेस ना?"

पोरीनं नको म्हटलं होतं. पण रोज दोन तास हे शब्द कानावर पडले आणि माझा तोल गेला.

"उल्हास, यूफनी तिला विचारलं, तिथे सगळ्यात छान काय वाटलं."

"हं. नदीचा देखावा. बरोबर म्हणाली ना?"

"नाही. म्हणाली, बाबा हसला ते."

फोनमध्ये त्याच्या ऑफिसातली माणसं डचमध्ये बोलत होती. कुठलंसं दार उघडून बंद झालं.

"कधी?" त्यानं विचारलं.